सोबत अहवाल जोडला आहे

गाडी पेठनाक्यावर थांबली असताना जयराज सरांचा मेसेज आला, 'काळजी करू नका मॅडम, आपण सेफ आहोत.' मी तो दोनदा वाचला. माझी भावजय अंकिता सहा दिवसांपासून सांगलीच्या दवाखान्यात आहे, तिला सातवा महिना आहे, कावीळ अंगभर पसरली आहे आणि पोटातल्या बाळाबद्दल बोलताना डॉक्टर एकही वाक्य पुरं करत नाहीत, हे सगळं सकाळी रजा मागताना मीच सरांना सांगितलं होतं. त्यावर त्यांची ही विचारपूस. आपण म्हणजे नक्की कोण, असं उलट विचारावं म्हणून मी बोटं पडद्यावर ठेवली आणि मग काढून घेतली. शेजारच्या बाईनं भडंगाचा पुडा फोडून माझ्यापुढे धरला, 'घ्या की,' म्हणाली. मी मानेनंच नको म्हटलं. अकरा वर्षं मी ह्या माणसाच्या हाताखाली साताऱ्यात काम केलं, चार तालुक्यांतल्या एकशेचौदा गावांचं पाणी तपासलं, कधी उशीर केला नाही, कधी नमुन्याची कुपी फोडली नाही. आणि इतक्या वर्षांत हा माणूस मला काय म्हणून ओळखायला लागला, तर सेफ म्हटलं की जिचा जीव भांड्यात पडेल अशी बाई म्हणून. राग आला. माणसाचा आला की शब्दाचा, ते कराड मागं पडलं तेव्हापासून मी ठरवत होते, कारण सकाळपासून ते हेच वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगत होते.

मेसेजपाठोपाठ मेलही आला होता. त्याला एक फाइल जोडलेली. नाव 'खुलासा'. वर आमच्या प्रयोगशाळेचं नाव, खाली माझ्या सहीसाठी कोरी जागा, मध्ये तीन परिच्छेद. हिवरशेत गावच्या पाण्याचा नमुना पिण्यास अयोग्य आढळला. सदर अहवाल दिनांक १४ ऑगस्ट रोजी दुपारी तीन वाजून बेचाळीस मिनिटांनी ग्रामपंचायतीस ई-मेलद्वारे कळविण्यात आला. सबब गावात उद्भवलेल्या काविळीच्या साथीस पाणीपुरवठा कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा कारणीभूत असून प्रयोगशाळेचा त्याच्याशी संबंध नाही. सही करून आजच परत पाठवा, उद्या चौकशीची माणसं येताहेत. हिवरशेत माझं माहेर. तिथं बासष्ट माणसं पिवळी पडली आहेत. पाणीपुरवठा कर्मचारी म्हणजे आकारामनाना. लहानपणी आम्ही पोरं त्यांच्या मागून टाकीपर्यंत जायचो आणि ते आम्हाला तो मोठा लोखंडी व्हॉल्व्ह फिरवू द्यायचे. त्यांना कारणीभूत ठरवायचं आणि खाली मी सही करायची, संयोगिता म्हणून. बेचाळीस मिनिटांनी! मिनिटं खरी होती, त्याचाच जास्त संताप येत होता. ती मिनिटं मीच नोंदवून ठेवली होती.

म्हणजे माझ्या स्क्रिप्टनं. कॉम्प्युटरसाठी लिहिलेली बावीस ओळींची स्क्रिप्ट. गेल्या दिवाळीच्या आधी मी ती लिहिली तेव्हा मला आठ दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. दर गुरुवारी दुपारी एकशेचौदा अहवाल एकेक करून मेलला जोडायचे, पत्ता टाकायचा, पाठवायचं. चार तास जायचे, मान भरून यायची, आणि एखाद्या वेळी वाईचा अहवाल जावळीला जायचा. मी ठरवलं, हे काम माणसाचं नाही. इंटरनेटवर बघून बघून, चुकत चुकत शिकले. यादीतलं पहिलं गाव घे, फोल्डरमधून त्याच्या क्रमांकाची फाइल शोध, मेलला जोड, पाठव, दोन सेकंद थांब, पुढचं गाव घे. फाइल सापडली नाही तर थांब आणि मला सांग. पत्ता चुकीचा असेल तर थांब आणि मला सांग. पहिल्यांदा मी हिवरशेतचाच अहवाल स्वतःला पाठवून बघितला तर जोडलेल्या फाइलला नावच नव्हतं, उघडेचना. दुसऱ्या दिवशी उघडली. मी एकटीच प्रयोगशाळेत मोठ्यांदा हसले होते. आणि पहिल्या गुरुवारी जेव्हा काळ्या पडद्यावर ओळीखाली ओळ उमटत गेली, गावाचं नाव आणि पुढे 'पाठवले', गावाचं नाव आणि पुढे 'पाठवले', तेव्हा मी चहाचा कप घेऊन नुसती बघत बसले. मासिक बैठकीत सरांनी टाळ्या वाजवल्या, गुच्छ दिला, फोटो काढला. मेलचा मजकूर सगळ्यांना एकच: महोदय, सोबत आपल्या गावाचा पाणी तपासणी अहवाल जोडला आहे. पाणी चांगलं असो, वाईट असो, हाच मजकूर. चांगलं की वाईट ते फाइलच्या दुसऱ्या पानावर. कोणी उघडलं नाही तर काय, ही ओळ मी लिहिली नव्हती. तशी ओळ लिहिताच येत नाही, असं मी गाडीत स्वतःला सांगत होते, आणि ते खरंही असेल, पण मला ते सुचलंच नव्हतं, हे त्याहून खरं.

त्या गुरुवारचं मला सगळं आठवतं. हिवरशेतची कुपी रात्रीतच काळीकुट्ट पडली होती, पाणी दूषित असलं की पडते तशी. मी ती उजेडाकडे धरली, लेबल वाचलं, अरेरे आपलं गाव, असं मनात आलं. अगदी ह्याच शब्दांत आलं. अहवाल तयार केला, 'पिण्यास अयोग्य' टाकलं, इतर अहवालांबरोबर फोल्डरमध्ये ठेवला. स्क्रिप्ट चालवली. पडद्यावर हिवरशेत आलं, पुढे पाठवले आलं, आणि मनावरचं ओझं उतरलं. खरंच उतरलं. काम झालं की उतरतं तसं. संध्याकाळी घरी जाऊन मी रोजच्यासारखा आईला फोन केला. म्हैस व्यायली होती, तिनं खरवसाचं सांगितलं, पावसानं मागची भिंत ओली झाली आहे म्हणाली, शंभूराजला, माझ्या भावाला, पुढच्या महिन्यात पलटणीतून सुट्टी मिळते का ह्याची चर्चा झाली, अंकिताच्या तब्येतीचं बोलणं झालं. बारा मिनिटं. फोनमध्ये अजून नोंद आहे, मी काल रात्रीच काढून बघितली. बारा मिनिटांत पाण्याबद्दल मी एक अक्षर बोलले नाही. का नाही? लपवायचं नव्हतं, भीती नव्हती, वेळही होता. डोक्यात नव्हतंच. ते पाठवून झालं होतं. इथपर्यंत आलं की माझं मन दर वेळी उडी मारून सरपंचाकडे जायचं, ग्रामपंचायतीकडे जायचं, ह्या लोकांनी साधा मेल उघडू नये, पगार कशाचा घेतात, असं म्हणायचं, आणि मला जरा बरं वाटायचं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सरपंच भाऊसो भेटलेच. पेशंटांना भेटायला आले होते, हातात सीलबंद पाण्याची बाटली. ती बाटली बघूनच माझं डोकं फिरलं. म्हटलं, तुमच्या घरी फिल्टर आहे ना? ते चपापले, मग म्हणाले, 'पोरांनी बसवलाय. पर त्येचा काय संबंध ताई? ग्रामपंचायतीला तुमी कायबी कळवल्यालं न्हाई.' मी म्हटलं, कळवलंय, चौदा तारखेला मेल आलाय. 'मेल!' असं म्हणून ते हसले, आणि ते हसणं मी जन्मात विसरणार नाही. 'आवं, त्यो मेल जुन्या ऑपरेटरनं काढल्याला. त्यो पुन्याला गेला त्येला दोन वर्सं झाली. पासवर्ड त्येच्यासंगट गेला. मेल कोण बगतंय?' दोन वर्षं! माझी स्क्रिप्ट दिवाळीपासून दर गुरुवारी त्या बंद पेटीत अहवाल टाकत होती आणि पत्ता चालू असल्यामुळे एकही परत येत नव्हता. मी विचारलं, मग हे आम्हाला का नाही सांगितलंत? तर आवाज चढवून म्हणाले, 'आमाला काय म्हाईत तुमी मेलवर कळवताय? आन् हे बगा, पाणी सोडतो आकाराम. टाकी त्येच्या ताब्यात. चौकशीत मी त्येच सांगणार हाय.' म्हणजे इथंही तेच. साताऱ्यातला माणूस एसीत बसून आकारामनानांचं नाव लिहितो, आणि त्याचं तोंडही न बघितलेला हा हिवरशेतचा माणूस अगदी तेच नाव घेतो. ह्या दोघांना कुणी शिकवलं? नामानिराळं राहायचं म्हटलं की आपल्या माणसांना शाळा लागत नाही. मी तिथंच, जाणाऱ्या येणाऱ्या नर्सांसमोर, त्यांना म्हटलं, लाज वाटू द्या जरा. आमच्या गावात सरपंचाला असं कुणी बोलत नाही, बाई तर नाहीच. ते जिन्याकडे गेले.

जिन्याच्या खालच्या पायरीवर आकारामनाना बसले होते. रोज सकाळच्या गाडीनं आईसाठी डबा घेऊन येतात, असं आईनं फोनवर सांगितलं होतं. मला बघून उठायला लागले, मी खांद्याला धरून बसवलं आणि शेजारी टेकले. त्यांचेही डोळे पिवळट दिसत होते की मला आता सगळ्यांचेच तसे दिसत होते, कोण जाणे. 'माझीच चूक हाय, ताई,' ते म्हणाले. मी म्हटलं, नाना, असं म्हणू नका, काय झालं ते सांगा. 'व्हायचंय काय? मंगळवारी बाटली तुमच्याकडं दिली. बेस्तरवारी सांजच्याला मुक्कामाच्या गाडीची वाट बगत थांबलो. कंडक्टरला इचारलं, सातारच्या बाईंनी काय दिलंय का? त्यो म्हणाला, कायबी न्हाई. म्हणलं चला, पाणी चांगलं हाय. सकाळी सोडलं.'

लाल चिठ्ठी. स्क्रिप्टच्या आधी आमच्याकडे ही पद्धत होती: पाणी वाईट निघालं की अहवालाबरोबर एक लाल चिठ्ठी लिहायची आणि त्या त्या गावाच्या मुक्कामाच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायची. कंडक्टर ती स्टँडवर पाणी सोडणाऱ्याच्या हातात द्यायचा. चांगल्या पाण्याला चिठ्ठी नसायची. नानांना वाचता येत नाही, वाचायची गरजही नव्हती. लाल कागद दिसला की ते व्हॉल्व्ह बंद करायचे, टाकी धुवायचे, पावडर टाकायचे, देवळातल्या भोंग्यावरून उकळून प्या म्हणून ओरडायचे. काही नाही आलं की सोडायचे. वर्षानुवर्षं हे एकदाही चुकलं नव्हतं. 'दिवाळीपास्नं एकबी चिठ्ठी न्हाई आली,' नाना म्हणाले, 'मी गावात सांगायचो, आपलं पाणी आता लय सुधारलंय. लोकं बी खूश हुती.' दिवाळीपासून हिवरशेतचं पाणी तीनदा वाईट निघालं होतं. तिन्ही वेळा हा म्हातारा संध्याकाळी स्टँडवर उभा राहिला, कंडक्टरला विचारलं, आणि खुशीत घरी गेला. त्यांची एवढी एकच चूक, की त्यांनी काम नेहमीच्या रीतीनं, नीट केलं. चिठ्ठ्या बंद झाल्याचं पत्रक आम्ही सगळ्या गावांना पाठवलं होतं. मेलनं. फाइल जोडून. आणि सरांनी बैठकीत विचारलं होतं, मॅडम, आता त्या लाल चिठ्ठ्या चालू ठेवायच्या का, तर गुच्छ अजून माझ्या मांडीवर होता, आणि मी म्हणाले होते, आता गरज नाही सर.

मी उठले आणि समोरच्या मेडिकलमधून दोन कोरे कागद आणले. व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहायला सुरुवात केली. वाक्यं भराभर येत होती. की सदर ई-मेल दोन वर्षं कोणी उघडत नव्हतं आणि आम्ही ते कधी तपासलं नाही. की लाल चिठ्ठीची पद्धत आम्ही बंद केली आणि ते पाणी सोडणाऱ्या एकाही माणसाला तोंडी सांगितलं नाही. की ती बंद करा असं मी सांगितलं. की श्री. आकाराम यांनी आपलं काम चोख केलं असून त्यांच्यावर दोष ठेवणं हा अन्याय आहे. अन्याय ह्या शब्दाखाली मी रेघ मारली. सही केली, फोटो काढून सरांना पाठवला, आणि नानांना वाचून दाखवला. 'आवं ताई, आसं लिवू नगासा,' ते घाबरून म्हणाले, 'नोकरी जाईल तुमची.' मी म्हटलं, जाऊ दे. सरांचा फोन लगेच आला. 'मॅडम, तुम्ही भावनेच्या भरात आहात. घरात आजारपण आहे, मी समजू शकतो.' मी म्हटलं, सर, तुम्ही नाही समजू शकत, आणि फोन ठेवला. खरं सांगायचं तर मला स्वतःचा अभिमान वाटत होता. सरपंचाला तोंडावर बोलले, सरांना तोंडावर बोलले, एका गरीब माणसावरचं बालंट पुसून टाकलं. एवढ्या सगळ्या निगरगट्ट माणसांत एक तरी सरळ माणूस आहे आणि ती मी आहे, असं मनात येत होतं. त्याच तोऱ्यात मी अतिदक्षता विभागाच्या दाराशी चपला काढल्या. आई बाहेर आली, माझ्या गालावरून हात फिरवला. 'जा, तुजीच वाट बगतीया,' म्हणाली.

अंकिता उशीला टेकून बसली होती. चेहरा, मान, हाताचे तळवे, सगळं पिवळं. पोट तेवढं मोठं, बाकी अंग वाळून गेलेलं. मला बघून हसली. 'वन्सं, आलासा?' म्हणाली आणि सलाइन लावलेला हात पुढे केला. मी तो दोन्ही हातांत घेतला. तापलेला होता. 'खाज लय सुटती. रातभर झोप न्हाई. पर बाळ हलतंय,' ती म्हणाली, 'सकाळी दोनदा हललं.' मी म्हटलं, हलणारच. मग मी तिला सांगायला लागले, काळजी करू नको, ज्यांनी हे केलं त्यांना मी सोडणार नाही, आत्ताच लेखी दिलंय. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष त्याच्यात नव्हतं. तिला काहीतरी वेगळंच बोलायचं होतं. 'वन्सं, आत्ती मला बोलत्यात,' ती म्हणाली. आत्ती म्हणजे माझी आई. 'रागानं न्हाई, पर बोलत्यात. पाऊस झाल्यापास्नं पाण्याला वास येत हुता, समद्या आळीतल्या बायका उकळून पीत हुत्या. आत्ती बी म्हणाल्या, उकळ. मीच आयकलं न्हाई. मी म्हणलं, आवं, पाणी तपासायला आपल्या वन्संकडंच जातंय, काय वाईट आसतं तर पयला फोन आपल्याला आला आसता. आन् तवाच सांजच्याला तुमचा फोन आला की. तुमीच आत्तीस्नी सांगितलं न्हवं, अंकिताला म्हणावं पाणी भरपूर पी. मी म्हणलं, बगा, वन्संच सांगत्यात म्हंजी चांगलंच आसणार. मग मी गलासावर गलास पीत हुते.'

तिनं हे सगळं माझी बाजू घेत सांगितलं. आईसमोर आपलं चुकलं नाही, ह्याला साक्ष म्हणून ती मला बोलावत होती. भरपूर पाणी पी. म्हशीच्या आणि खरवसाच्या बोलण्यात, फोन ठेवता ठेवता, पोटुशा बाईला कुणीही सांगतं तसं मी सांगितलं होतं. ते मला आठवलं. आवाजासकट आठवलं. पर्समधल्या कागदावर सगळ्यांच्या चुका होत्या, माझीही एक होती, चिठ्ठ्यांची, कार्यालयीन, रेघ मारण्यासारखी. ही त्यात नव्हती. मी काही बोलले नसते तर तिला कधीच कळलं नसतं. ती आईला सांगत राहिली असती, वन्संना तरी कुठं म्हाईत हुतं, आणि आईनं मान हलवली असती. तो हात माझ्या हातात होता.

'अंकिता,' मी म्हटलं, 'मला माहीत होतं.'

'काय?'

'पाणी वाईट आहे ते. त्या दिवशी सकाळीच मी कुपी बघितली होती. अहवाल मीच केला.'

तिला ते पटकन समजलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मी अजून पुढे काहीतरी सांगेन आणि त्यानं ह्याचा अर्थ बदलेल, अशा आशेनं. 'आन् मग फोनवर?'

'फोनवर आठवलं नाही.'

ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. तिनं हळूच आपला हात काढून घेतला. काढताना सलाइनची नळी माझ्या बांगडीत अडकली, ती मी सोडवायला गेले तर म्हणाली, 'ऱ्हाऊ द्या,' आणि दुसऱ्या हातानं स्वतःच सोडवली. मग दोन्ही हात पोटावर ठेवले आणि भिंतीकडे बघायला लागली. दारातून आईनं डोकावून विचारलं, काय झालं गं?

'काय न्हाई, आत्ती,' अंकिता म्हणाली. 'वन्संस्नी आता जाऊ द्या. त्येंची गाडी चुकंल.'

दुपारचे साडेबारा वाजले होते. मी आठ दिवसांची रजा काढून आले होते, आणि हे तिला माहीत होतं.